मुक्या सोबत्याची पोटदुखी

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. एका अंगाला सरोजिनी नगरचा बाजार, दुसऱ्या अंगाला आयएनएची मंडई आणि दिल्ली हाट. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या या परिसरात बदलीच्या नोकरीमुळे देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे येतात, काही वर्षे राहतात आणि निघून जातात. त्यांत मराठी घरेही असतात. अशा सरकारी निवासस्थानांत मुलांच्या आग्रहाखातर आलेले कुत्र्याचे पिल्लू बघता बघता घरातील सदस्य होऊन जाते. सकाळी दूध-पोळी, दुपारी वरण-भात, सायंकाळी फिरून आल्यावर बिस्किटे, आणि घरात जे काही गोडधोड होईल त्यातला एक घास. या लाडाची किंमत प्रथम चुकवते ते त्याचे पोट.

प्राण्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांच्या तक्रारींमध्ये उलट्या आणि जुलाब या दोन तक्रारी नेहमीच्या. त्यांपैकी बहुसंख्य एक-दोन दिवसांत आपोआप थांबतात. थोड्या मात्र अशा असतात की ज्यांत काही तासांचा विलंबही जिवावर बेततो. बाहेरून दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते: फरशीवर पडलेली ओकारी, न खाल्लेले ताट आणि कोपऱ्यात जाऊन बसलेले जनावर. सुट्टीच्या दिवशी रात्री अकरा वाजता घरातल्या माणसांना निर्णय घ्यायचा असतो तो हाच की, सकाळपर्यंत थांबायचे की आताच गाडी काढायची. कुत्र्याला बोलता येत नसल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घरच्यांच्या निरीक्षणावर अवलंबून राहते, आणि हे निरीक्षण शिकता येण्यासारखे आहे.

लांडग्याचे पोट, माणसाची पोळी

कुत्रा चावून चावून खात नाही, तो गिळतो. माणसाच्या लाळेत पिष्टमय अन्न पचविण्यास प्रारंभ करणारे जे पाचकद्रव्य भरपूर असते, ते त्याच्या लाळेत जवळजवळ नसते. त्याचे जठर मोठे व ताणले जाणारे असते. एका वेळी पुष्कळ अन्न साठवावे, अशी ती निसर्गाची योजना. आतडे मात्र माणसाच्या तुलनेने आखूड. न मानवलेले अन्न पटकन बाहेर टाकणे हीही त्याची उपजत सोय होय. त्यामुळे कुत्र्याने कधीतरी एकदा ओकारी काढली, गवत खाल्ले आणि नंतर शेपूट हलवीत ताटाशी आला, तर त्यात घाबरण्याजोगे काही नाही.

‘कुत्रा हा मांसाहारी प्राणी, पोळी-भाताने त्याचे पोट बिघडते’ असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीला चांगलाच छेद दिला. पिष्टमय पदार्थ पचविणारे पाचकद्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणसाने शेती सुरू केली, त्याच्या घराभोवती धान्याचे उरलेसुरले अन्न पडू लागले, आणि ते पचवू शकणारी जनावरे त्याच्याजवळ टिकून राहिली, असा त्याचा अर्थ लावला जातो. मराठवाड्यातील कारवानी किंवा घटप्रभाकाठच्या पूर्वीच्या मुधोळ संस्थानातील शिकारी कुत्रे पाळणाऱ्या शेतकऱ्यांना हे शास्त्राने सांगण्याची गरज कधी पडली नाही. भाकरी-दुधावर वाढलेल्या त्याच मुधोळ कुत्र्याचे चित्र भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले.

तेव्हा पोळी वा भात हा गुन्हेगार नव्हे. भरपूर दूध मात्र पुष्कळदा असतो. पिल्लू आईचे दूध सोडते तसे दुधातील शर्करा पचविण्याची त्याची शक्ती कमी होत जाते. मोठ्या कुत्र्याला वाटीभर दूध दिले की न पचलेली ही शर्करा मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, पाणी ओढून घेते आणि जुलाब सुरू होतात. काही कुत्र्यांना थोडे दूध सोसते, काहींना मुळीच नाही. विरजणाने दुधातील शर्करा अंशतः खर्ची पडत असल्यामुळे साधे दही किंवा ताक बहुतेकांना बरे सोसते. ज्या घरात कुत्र्याचे पोट ‘वरचेवर’ बिघडते, तेथे दोन आठवडे दूध बंद करून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग ठरावा.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे आहारातील आकस्मिक बदल. बदली होऊन नव्या शहरात आल्यावर पूर्वीच्या खाद्याचे पोते मिळत नाही, दुकानदार दुसरे देतो, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार उद्भवते. आतड्यातील उपकारक जीवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास अवधी लागतो. जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदल करावा, असे पशुवैद्य सांगतात. दिवाळीतील फटाक्यांच्या भीतीने, घर बदलल्याने किंवा मालक गावी गेल्यानेही काही कुत्र्यांना आव पडल्यासारखे जुलाब होतात. पोट आणि मन यांचा संबंध केवळ माणसापुरता मर्यादित नाही.

पाहावे काय?

पशुवैद्याकडे गेल्यावर पहिले प्रश्न येतात ते नेमके असतात, आणि ‘काल रात्रीपासून बरे नाही’ हे उत्तर त्यांना पुरत नाही. ओकारी होती की नुसते अन्न वर आले? ओकारीत पोट आवळले जाते, कुत्रा अस्वस्थ होऊन मान खाली घालतो, उबळ येते आणि अर्धवट पचलेले, बहुधा पिवळसर पित्तमिश्रित अन्न बाहेर पडते. याउलट कसलाही जोर न लावता, खाल्ल्यानंतर लवकरच, अन्न जसेच्या तसे लांबट आकारात बाहेर आले, तर दोष जठरात नसून अन्ननलिकेत असण्याचा संभव अधिक. दोन्हींचे उपचार वेगळे. हल्ली प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी असल्यामुळे त्या क्षणाचे चित्रण करून नेले तर डॉक्टरांचे निम्मे काम हलके होते. जुलाबाचेही छायाचित्र घ्यावे. किळस वाटली तरी ते उपयोगाचे असते.

जुलाबाच्या दोन जाती घरच्या घरी ओळखता येतात. दिवसातून मोजक्या वेळा, पण मोठ्या प्रमाणात पातळ शौच, पोटात गुरगुर, आणि दिवस लोटले तर वजनात घट, हा लहान आतड्याचा बिघाड. अगदी थोडे थोडे, पण वारंवार, कुंथत कुंथत, बुळबुळीत आव आणि कधी शेवटी ताज्या रक्ताचे थेंब, हा मोठ्या आतड्याचा. दुसरा प्रकार दिसायला भयंकर वाटतो, परंतु कुत्रा हिंडता-फिरता असेल तर बहुधा लवकर आटोक्यात येतो. डांबरासारखी काळी, चिकट शौच मात्र वरच्या भागात रक्तस्राव झाल्याची खूण असू शकते, आणि तेथे वाट पाहू नये.

ताप पाहताना एक ढोबळ घोटाळा होतो. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या हिशेबाने हा ताप ठरतो, आणि घरातील तापमापक लावून घाबरलेले मालक गोळ्यांची बाटली उघडतात. कोरडे किंवा ओले नाक हीदेखील विश्वासाची खूण नव्हे. त्यापेक्षा वरचा ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी व ओलसर असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. हिरड्या फिकट, विटकरी किंवा चिकट लागल्या, अथवा खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश खाली बसू लागली, तर शरीरातील पाणी घटले आहे, असे समजावे. ही पाहणी कुत्रा धडधाकट असताना दोन-चारदा करून ठेवावी, म्हणजे फरक चटकन कळतो.

घरच्या घरी करण्याजोगे

प्रौढ, लसीकरण पूर्ण झालेला, एक-दोनदा ओकलेला किंवा पातळ शौच झालेला, पण डोळ्यांत तेज असलेला कुत्रा घरी सांभाळता येतो. उलट्या होत असतील तर काही तास अन्न देऊ नये. पाणी मात्र तोडू नये. भांडेभर एकदम पुढे न ठेवता थोड्या थोड्या वेळाने चार-सहा घोट द्यावेत. दिल्लीच्या जूनमध्ये, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, वरच्या मजल्यावरील खोलीत जुलाब झालेले जनावर फार लवकर शुष्क होते, हे ध्यानी ठेवावे. प्यायलेले पाणीही परत परत बाहेर पडू लागले की घरगुती उपायांची मर्यादा संपली.

पूर्वी चोवीस तासांचा कडक उपवास सांगण्याची पद्धत होती. आता तीवरचा भर ओसरला आहे, कारण आतड्याच्या पेशींना स्वतःच्या दुरुस्तीसाठी अन्न लागते. पिल्लांना तर दीर्घ उपवास घडवूच नये. त्यांच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते. उलट्या थांबल्या की मऊ भात आणि कातडी काढून उकडलेली कोंबडी, शाकाहारी घरात मऊ भात व थोडे दही किंवा कमी स्निग्धांशाचे पनीर, दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. मीठ, मसाला, तेल, कांदा, लसूण यांना सुट्टी. उकडलेला लाल भोपळा चमचाभर घातला तर शौच बांधण्यास साहाय्य होते. ‘अशक्त झाला आहे, जरा तूप घाला’ हा घरातील ज्येष्ठांचा सल्ला प्रेमाचा खरा, परंतु बिघडलेल्या पोटावर तो उलटतो. स्निग्ध अन्नाने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. सुधारणा दिसल्यावर तीन-चार दिवसांत नेहमीच्या आहाराकडे वळावे.

जुलाब म्हटले की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी आणण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. कुत्र्यांच्या साध्या तीव्र जुलाबांत त्यांचा फारसा लाभ नसतो आणि आतड्यातील उपकारक जीवाणूंची हानी मात्र होते, असा अलीकडच्या वर्षांतील पशुवैद्यकीय मार्गदर्शनाचा कल आहे. कुत्रा सुधारला ते गोळीने की दोन दिवस उलटल्याने, हे सांगणे बहुतेक वेळा कठीण असते.

माणसाचे कपाट, कुत्र्याचे विष

त्याहून गंभीर गोष्ट वेदनाशामकांची. पोटदुखीने कण्हणाऱ्या कुत्र्याला घरातील कपाटातून आयबुप्रोफेन अथवा डायक्लोफेनॅक दिले तर जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर घाला घालते. डायक्लोफेनॅकचे नाव पर्यावरणाच्या संदर्भात अनेकांच्या परिचयाचे असेल. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांचा संहार झाल्यामुळे भारतात २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. एका प्राण्याला सोसणारे औषध दुसऱ्याला मारक ठरते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

खाण्याच्या पदार्थांतही असे शत्रू दडलेले आहेत. चॉकलेटमधील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. चॉकलेट जितके काळे, तितके ते अधिक, आणि तीस किलोच्या लॅब्रेडॉरला निभावणारा तुकडा सात किलोच्या पगला आजारी पाडतो. द्राक्षे आणि बेदाणे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पडतात. किती खाल्ल्याने, याचा भरवशाचा हिशेब मांडता येत नसल्यामुळे एकही देऊ नये. शिऱ्यातला, खिरीतला बेदाणा आपल्या ध्यानातही राहत नाही, म्हणून हा इशारा. कांदा-लसूण, शिजलेले असले तरी, तांबड्या रक्तपेशी फोडतात. ‘शुगर फ्री’ च्युइंग गममधील झायलिटॉल रक्तातील साखर तासाभरातच धोक्याच्या पातळीखाली आणू शकते.

काही वस्तू विषारी नसतात, पण अडकतात. मे महिन्यात आमरस निघाला की फेकलेली कोय, आणि पावसाळ्यात दिल्लीच्या रस्तोरस्ती विकल्या जाणाऱ्या भुट्ट्याचे बोंड, या दोन वस्तू पचतही नाहीत, विरघळतही नाहीत, आणि आतड्यात पाचरीसारख्या बसतात. शिजवलेली हाडे कडक होऊन त्यांच्या धारदार कपच्या निघतात. मुलांचे मोजे हा तिसरा प्रकार. लॅब्रेडॉर पाळणाऱ्यांनी या बाबतीत अधिक दक्ष असावे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असे आढळले की, त्यांनी तपासलेल्या ब्रिटनमधील लॅब्रेडॉरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात भुकेचे नियमन करणारे एक जनुक अर्धवट असते. पोट भरल्याचा संदेश त्यांना नीट पोचतच नाही. ‘आमचा कुत्रा हावरट आहे’ या तक्रारीमागे कधीकधी त्याचा काही दोष नसतो!

जेथे सकाळ होण्याची वाट पाहू नये

वारंवार उलट्या, काही खाल्ले तरी ठरत नाही, शौच बंद, पोटाला हात लावू देत नाही, अशी लक्षणे एकत्र आली की आतड्यात काही अडकल्याची शंका घ्यावी. क्ष-किरण चित्र किंवा सोनोग्राफीवाचून निदान होत नाही, आणि बहुधा शस्त्रक्रिया लागते.

ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमॅन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत आणखी एक संकट उद्भवते. भरपेट जेवणानंतर जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पीळ खाते. कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो, उबळीवर उबळ येते, पण फेसाखेरीज काही पडत नाही. पोट नगाऱ्यासारखे ताठ होते. जठराचा रक्तपुरवठाच आवळला गेलेला असल्यामुळे येथे हिशेब तासांचा असतो. सोडा, ओवा, हिंगाचे पाणी यांत घालवलेला वेळ परत मिळत नाही. मोठ्या कुत्र्याला दिवसातून एकदाच भरपूर जेवू घालण्यापेक्षा दोनदा विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच पळवू नये, ही साधी दक्षता.

उंदरांच्या विषाचा धोका मंडईलगतच्या प्रत्येक वसाहतीत असतो. त्यांतील झिंक फॉस्फाइड जठरातील आम्लाशी मिळून विषारी वायू निर्माण करते. अशा वेळी ‘विष उतरावे’ म्हणून दूध किंवा अन्न भरवले तर आम्ल वाढून हानीच होते. रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या विषाचा परिणाम तर काही दिवसांनी दिसतो. तोवर कुत्रा अगदी ठणठणीत असतो. विषाचे वेष्टन जपून ठेवून डॉक्टरांना दाखवावे. मीठ-पाणी पाजून ओकारी काढण्याचा जुना उपाय कुत्र्यांसाठी स्वतःच घातक आहे.

आणि एक इशारा, जो पोटाच्या लेखात अनपेक्षित वाटेल. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, असे दिसले की ‘घशात हाड अडकले’ म्हणून माणसे नि:शंकपणे तोंडात हात घालतात. रेबीजचे एक रूप नेमके असेच असते. लस न घेतलेल्या किंवा लसीचा पत्ता नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हात मागे घ्यावा आणि जाणकारांस बोलवावे. हात घातला गेला असल्यास तो साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

मदतीची ठिकाणे आधी पाहून ठेवलेली बरी. दिल्लीत डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखालील फ्रेंडिकोज ही संस्था १९७९ पासून, तर राजा गार्डन भागातील संजय गांधी पशुसेवा केंद्र १९८० पासून कार्यरत आहे. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई पेटिट रुग्णालय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १८८६ साली सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच परिसरात वाढले. २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा समूहाच्या न्यासांनी लहान प्राण्यांसाठी मोठे रुग्णालय उघडले. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तेथील दूरध्वनी कोणता, हे फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवण्यास दोन मिनिटे लागतात.

पिल्लांचा काळ: पार्व्हो

आतापर्यंतचे विवेचन मोठ्या कुत्र्यांचे. पिल्लाच्या बाबतीत सगळाच हिशेब बदलतो. सहा आठवडे ते सहा महिने वयाचे, लसीकरण अपुरे असलेले पिल्लू मलूल झाले, खाणे सोडले, ओकू लागले आणि पाठोपाठ दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तर ‘काल बिस्किटे जास्त झाली असतील’ हा विचार बाजूला ठेवून पार्व्हो समजूनच धावपळ करावी.

हा रोग कुत्र्यांच्या इतिहासात अगदी नवा. १९७८ पूर्वी तो पशुवैद्यांच्या पुस्तकांत नव्हता. मांजरांतील एका विषाणूशी जवळचे नाते असलेल्या विषाणूने रूप पालटले आणि कुत्र्यांत शिरकाव केला. १९७८ साली निरनिराळ्या खंडांत त्याच्या साथी एकाच सुमारास दिसल्या, आणि दोन वर्षांत त्याने जग व्यापले. कोणाही कुत्र्याजवळ प्रतिकारशक्ती नसल्यामुळे तेव्हा लहान-मोठे सारेच बळी पडले. भारतात त्याची नोंद १९८० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन मद्रासमधून झाली. पुढे विषाणूने आणखी काही रूपे घेतली. उपलब्ध लसी तरीही संरक्षण देतात.

शरीरातील ज्या पेशी झपाट्याने विभागतात त्यांवर हा विषाणू तुटून पडतो. आतड्याच्या आतील अस्तर सतत नवे होत असते. ते नवे करणाऱ्या मूळ पेशीच मरतात, अस्तर झडते, आणि आतड्यातील जीवाणूंना रक्तात शिरण्यास वाट मोकळी होते. त्याच वेळी अस्थिमज्जेतील पेशीही मारल्या गेल्यामुळे पांढऱ्या रक्तपेशी घटतात, म्हणजे शत्रू आत आला असताना पहारेकरीच नाहीत, अशी अवस्था. पिल्लू प्रत्यक्षात मरते ते पाणी आटल्याने आणि रक्तातील जंतुसंसर्गाने. म्हणूनच विषाणूवर रामबाण औषध हाताशी नसले, तरी शिरेतून सलाइन, उलट्या थांबविणारी औषधे, जंतुसंसर्गावर प्रतिजैविके आणि शक्य तितक्या लवकर नळीने का होईना थोडे अन्न, एवढ्या आधारावर चार-पाच दिवस तग धरला तर बहुसंख्य पिल्ले वाचतात. उपचाराविना बहुसंख्य दगावतात. शौचाच्या नमुन्यावरून पार्व्होची चाचणी दवाखान्यातच काही मिनिटांत होते. २०२३ मध्ये अमेरिकेत या विषाणूलाच निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांच्या एका इंजेक्शनला सशर्त मान्यता मिळाली. त्यामुळे लसीचे महत्त्व मात्र कमी झालेले नाही.

लसीच्या बाबतीत घरोघरी एक गैरसमज आढळतो: ‘एक इंजेक्शन झाले आहे, तरी पार्व्हो कसा झाला?’ आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी प्रतिपिंडे मिळतात, ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात आणि त्याच वेळी लसीचाही प्रभाव पुसून टाकतात. ती नेमकी कधी ओसरतील, हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे. मध्ये काही दिवस असे जातात की, आईचे संरक्षण अपुरे झालेले असते आणि लस अजून लागू पडत नसते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली मात्रा, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि शेवटची सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असा क्रम असतो. त्यानंतर सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान एक पूरक मात्रा. ही शेवटचीच मात्रा चुकवली जाते. तोवर पिल्लू मोठे दिसू लागलेले असते आणि मुलांच्या परीक्षा आलेल्या असतात. क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बागेत, बाजारात, अनोळखी कुत्र्यांच्या जागी खाली सोडू नये. कडेवर घेऊन जग दाखवावे.

जंतांचेही येथेच सांगितले पाहिजे. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, अंकुश कृमी तिच्या दुधातून. अंकुश कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात, आणि लहान पिल्लू निव्वळ रक्तक्षयाने दगावू शकते. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन-तीन महिन्यांनंतर दरमहा, आणि सहा महिन्यांपुढे साधारण तीन महिन्यांनी जंतनाशक दिले जाते. मात्रा वजनावर ठरते. हे जंत माणसालाही उपद्रव देतात, विशेषतः मातीत खेळणाऱ्या मुलांना. दिल्लीतील भटक्या कुत्र्यांविषयीच्या गाजलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी निर्बीजीकरण व लसीकरणासोबत जंतनाशनाचाही उल्लेख केला, तो या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

पार्व्होची शेवटची अडचण सरकारी वसाहतींना विशेष लागू पडते. हा विषाणू शरीराबाहेर, सावलीच्या ओलसर मातीत, फरशीच्या भेगांत कित्येक महिने, कधी वर्षभरही जिवंत राहतो. साध्या साबणाने तो मरत नाही. फिनेलवर आणि नेहमीच्या जंतुनाशकांवर विसंबता येत नाही. आधी घाण पूर्ण पुसून, मग कपडे शुभ्र करण्याच्या द्रवाचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून त्याने फरशी, भांडी, जिने धुवावेत आणि दहा मिनिटे ओले राहू द्यावे. बूट-चपलांचे तळही विसरू नयेत. विषाणू बहुधा त्यांवरूनच तिसऱ्या मजल्यावर पोचलेला असतो. आजारी पिल्लाची चटई, दोरी, लाकडी खेळणी टाकून द्यावीत. मागच्या अंगणातील माती मात्र धुता येत नाही. तेथे ऊन लागू द्यावे, आणि किमान वर्षभर लस पूर्ण न झालेले पिल्लू तेथे खेळू देऊ नये. दरम्यान बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते, निवासस्थानाची किल्ली जमा होते, आणि दुसऱ्या प्रांतातून एखादे नवे कुटुंब त्याच घरात उतरते. त्यांच्याजवळ टोपलीत दोन महिन्यांचे पिल्लू असेल, तर शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी या घरात पार्व्हो होऊन गेला आहे, हे त्यांना सांगावे.